पैठणच्या पूर्वेस दहा दिवस

दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न दिसावयास फार सोपा आहे. हल्लीं तर कोणत्याहि दोन शहरांचीं नांवें यंत्रास सांगितलीं, कीं पक्ष्याच्या उड्डाणानें होणारें सरळ अंतर, विमानास लागणारा वेळ, मोटारीस लागणारा वेळ, हीं सर्व उत्तरें क्षणांत समोर येतात. आणि तीं इतकीं नेमकीं असतात, कीं अंतर ही जमिनीला चिकटलेली व कधींहि न बदलणारी वस्तु आहे असें वाटूं लागतें. आमच्या आजोबांच्या पिढीस तसें वाटत नसे. अमुक गांव किती लांब असें विचारलें तर कोणी कोसांत सांगे, कोणी मजलांत सांगे, आणि पुष्कळ जण 'सकाळीं निघालांत तर दिवेलागणीस पोहोंचाल' एवढें सांगून मोकळे होत. अशा उत्तरास आपण आज अडाणीपणाचें म्हणतों. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक हरवलेलें थोर नगर अशाच एका अडाणी उत्तरावरून सांपडलें आहे, व तें सांपडावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारें वीस किलोमीटरांवर तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. वारकऱ्यांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून पूज्य आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें कच्चें हें गोरोबांनीं सांगितलें, आणि नामदेवांस तें फार लागलें, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. परंतु गोरोबांच्याहि पूर्वीं बाराशें वर्षें हें गांव समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांच्या तोंडीं होतें, आणि त्या वेळीं त्याचें नांव तगर असें होतें.

तगराचा हा उल्लेख ज्या ग्रंथांत आहे त्याचें नांव 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' असें आहे. हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेंत लिहिला गेला. कर्त्याचें नांव पोथींत नाहीं. परंतु तो ईजिप्तमध्यें राहणारा, स्वतः जहाजावरून फिरलेला व्यापारी होता हें त्याच्या प्रत्येक पानावरून उघड होतें. कोणत्या बंदरीं काय खपतें, काय मिळतें, कोठें खडक आहेत, कोणत्या महिन्यांत शीड उभारावें, ह्यापलीकडे त्याला कशाचें कौतुक नाहीं. भडोचेस, म्हणजे त्याच्या भाषेंत बारिगाझा येथें, पोहोंचल्यावर तो आंतल्या देशाकडे तोंड वळवितो. ह्या देशास तेथील लोक दक्षिणापथ म्हणतात, कारण त्यांच्या भाषेंत दक्षिण दिशेस 'दखन' म्हणतात, असें सांगून तो पुढें तेथील दोन बाजारपेठा विशेष म्हणून निवडतो. पहिली पैठण, ती भडोचेच्या दक्षिणेस सुमारें वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, ती पैठणपासून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर, व फार मोठें नगर. ह्या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर घालून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून भडोचेस उतरवितात: पैठणहून अकीक जातीचे खडे, आणि तगराहून साधें कापड पुष्कळ, नाना तऱ्हेची मलमल, मोलोखिना नांवाचें एक कापड, व शिवाय पूर्वेकडील समुद्रकांठाहून तगरास येऊन पडणारा माल. एवढेंच. तगराविषयीं ह्याहून एक अक्षरहि तो अधिक लिहीत नाहीं.

पैठण कोठें आहे हें कोणास शोधावें लागलें नाहीं. गोदावरीच्या कांठीं तें आजहि त्याच नांवानें नांदत आहे. तगर मात्र नकाशावर कोठेंच दिसेना. त्याचा शोध सुरू होण्यास एक ताम्रपट कारण झाला. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरी याचे शके ९३९ चे ताम्रपट निघाले. त्यांत राजास 'तगरपुराचा अधीश्वर' असें बिरुद होतें. कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' नांवाच्या संग्रहाच्या १७८८ च्या पहिल्या भागांत ह्या ताम्रपटाचें भाषांतर आलें, व त्याच भागांत लेफ्टनंट फ्रान्सिस विल्फर्ड यांनीं तगर म्हणजे देवगिरि असा निकाल देऊन टाकला. देवगिरीसारखें भव्य स्थळ समोर असतां दुसरें कांहीं शोधावें तरी कशास, असें त्यांस वाटलें असावें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरचा पक्ष घेतला. तीन डोंगरांचें गांव म्हणून 'त्रिगिरि' आणि त्याचें तगर, अशी त्यांची व्युत्पत्ति होती, आणि जुन्नरच्या भोंवतीं लेण्यांची जी दाटी आहे ती पाहतां तेथें मोठें नगर होतें हेंहि खरेंच होतें. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस हें पटलें नाहीं. त्यांनीं आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासांत बीडकडील धारूर सुचविलें.

आतां एक साधी गोष्ट करून पाहावी. नकाशावर पैठण आणि भडोच ह्यांमध्यें दोरी ताणावी. ती २१७ मैलांच्या, म्हणजे ३५० किलोमीटरांच्या आंतबाहेर भरते. ह्या वाटेस वीस दिवस लागत. अर्थात् सरळ रेषेनें दर दिवशीं अकरा मैल पडले. त्याच चालीनें पैठणपासून दहा दिवसांत शंभर-एकशेंदहा मैल जातां यावें. वाट कठीण असेल तर थोडें कमी. ही पट्टी हातांत घेऊन एकेक गांव तपासूं लागलें म्हणजे मोठी गंमत होते. देवगिरि पैठणपासून अवघी तेहेतीस-चौतीस मैल, आणि तीहि उत्तरेस. ह्या वाटेस दहा दिवस लावणारा गाडीवान गाडी हांकीत नसून गाडीखालीं झोंपत असला पाहिजे. धारूर दिशेनें बरें, पण अंतर सुमारें पासष्ट मैलच. जुन्नर अंतराला तंतोतंत उतरतें, शंभरास दोन-चार मैल कमी. परंतु तें पैठणच्या पश्चिमेस आहे. पूर्व आणि पश्चिम ह्यांचा घोटाळा सूर्य पाहून चालणाऱ्या मनुष्याकडून व्हावयाचा नाहीं.

हाच हिशेब हातीं धरून जॉन फेथफुल फ्लीट यांनीं १९०१ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तगर म्हणजे तेर असें सिद्ध केलें. फ्लीट हे मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी व मोठे लेखविद. १८९७ सालीं निवृत्त होऊन ते विलायतेस परतले होते. तेव्हां निजामच्या मुलखांतील हें गांव त्यांनीं शोधलें तें फावड्यानें खणून नव्हे, नकाशा, कंपास आणि जुने लेख यांच्या साहाय्यानें. पैठणपासून तेर सरळ रेषेनें ९५ मैल, म्हणजे दीडशें किलोमीटर आहे. दहा दिवसांनीं भागलें तर दिवसास साडेनऊ मैल पडतात. अकरा आणि साडेनऊ ह्यांतील फरक बालाघाटाच्या चढउतारास सहज खर्ची घालतां येतो.

ह्यावर वाचक म्हणेल, कीं बैलगाडी कांहीं पक्ष्यासारखी उडत नाहीं. सरळ रेषेच्या मैलांवरून गाडीच्या दिवसांचा हिशेब कसा करावा? हा आक्षेप योग्य आहे, आणि ह्याचें उत्तर असें, कीं दोन्ही वाटांस एकच चूक लागते. भडोच-पैठण वाट जितकी वांकडी तितकीच पैठण-तेर वाट वांकडी धरली, तर वीसास दहा हें प्रमाण तसेंच राहतें. मैल किती हें आपणांस मोजतां आलें नाहीं तरी चालतें. एका वाटेच्या निम्मा वेळ दुसऱ्या वाटेस लागे, एवढेंच कळावें लागतें. ह्या युक्तींतील खरी खुबी हीच आहे.

शिवाय दिवसाची ही चाल आपणांस दुसरीकडूनहि पडताळतां येते, आणि त्यासाठीं ग्रीक पोथी नको. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते व आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरीं पोहोंचते. वाट सुमारें अडीचशें किलोमीटरांची, आणि दिवस सतरा-अठरा. म्हणजे मुक्कामांसकट दिवसास चौदा किलोमीटर पडले. ह्या वाटेवरहि रथ बैलांचा, बरोबर सामानाच्या गाड्या, आणि मोठा समुदाय. एकटा धडधाकट मनुष्य दिवसांत ह्याच्या दुप्पट चालेल. पण समुदाय मंदांत मंद असेल त्याच्या पायानें चालतो. तगराचे व्यापारीहि असेच तांड्यानें चालत. कापडाच्या गठ्ठ्यांनीं लादलेली एकटी गाडी रानांतून काढणें म्हणजे लुटारूंस आमंत्रण देणें होतें.

हा दहा दिवसांचा दिवस कसा असेल, ह्याची कल्पना मराठवाड्याची काळी जमीन ज्यानें पाहिली आहे त्यास सहज येईल. मृगापासून पुढें तीन-चार महिने ह्या जमिनींत भरल्या गाडीचें चाक आंखापर्यंत रुतावयाचें. तेरणा, मांजरा, सिंदफणा ह्या नद्या मध्यें आडव्या, आणि पैठणास तर गोदावरीच. ज्या ग्रंथकारानें ही वाट स्वतः कधीं पाहिली नव्हती त्याच्याहि कानावर 'रस्ते नाहींत' ही तक्रार भडोचेच्या धक्क्यावर पडली होती. त्यामुळें तगराचा माल पावसाळा उलगडल्याखेरीज हलणें शक्य नव्हतें. आणि येथें समुद्राचें पंचांग जमिनीच्या पंचांगाशीं कसें जुळलेलें होतें हें पाहण्यासारखें आहे. ईजिप्तकडील जहाजें जुलईंत निघून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस इकडे येत, आणि ईशान्येचा वारा सुटल्यावर डिसेंबर-जानेवारींत परत जात. दसऱ्याच्या सुमारास वाट सुकावी, सीमोल्लंघन करून गाड्या निघाव्या, तीस दिवसांनीं भडोच गांठावें, व्यवहार व्हावा, आणि माल जहाजावर चढावा. ह्या सर्वास वेळ बेताचाच होता. एखादें वर्ष परतीचा पाऊस लांबला तर तगराच्या विणकरानें वर्षभर विणलेलें कापड भडोचेच्या वखारींत पुढील वर्षापर्यंत पडून राहिलें असलें पाहिजे.

पुढील काळांतील तांड्यांचें वर्णन सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें करून ठेविलें आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे त्यानें पाहिले. आणि अरुंद वाटेवर असे दोन तांडे समोरासमोर आले म्हणजे प्रवाशास दोन-तीन दिवस एका जागीं खोळंबून राहावें लागे असें तो सांगतो. तगराच्या तीस दिवसांत असे खोळंब्याचे दिवसहि जमेस धरलेले असणार. व्यापारी 'तीस दिवस' म्हणतो तेव्हां तो चाकें फिरलीं तेवढेच दिवस मोजीत नाहीं. घरून निघाल्यापासून माल उतरेपर्यंतचे सारे मोजतो. त्याच्या दृष्टीनें तेंच बरोबर आहे, कारण दाणावैरण सगळ्याच दिवसांची लागते.

दिवसांवरून मैल काढण्याचा हा धंदा प्राचीन भूगोलज्ञांसहि सोडवत नव्हता. टायर येथील मारिनस यानें मध्य आशियांतील 'पाषाणमनोऱ्या'पासून चीनच्या राजधानीपर्यंतचें अंतर ३६,२०० स्टेडिया ठरविलें. आधार काय, तर माएस टिटियानस नांवाच्या व्यापाऱ्याच्या गुमास्त्यांस त्या वाटेला सात महिने लागले होते. दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें हा आंकडा सरळ निम्म्यावर आणला: वाट वळणावळणाची असते, हवामानामुळें मध्यें थांबावें लागतें, आणि व्यापारी लोक फुशारकीनें अंतर वाढवून सांगतात असें मारिनस स्वतःच म्हणतो, असा त्याचा युक्तिवाद. ह्याच टॉलेमीच्या ग्रंथांत तगराचेंहि नांव आहे, परंतु त्यानें तें पैठणच्या ईशान्येस घातलें आहे. पेरिप्लसचा कर्ता पूर्वेस म्हणतो. तेर आहे आग्नेयीस. आमच्या मतें ह्या विसंगतीचें फारसें भय बाळगण्याचें कारण नाहीं. टॉलेमीच्या नकाशांत सगळा हिंदुस्थानच दक्षिणोत्तर चेपून पूर्वपश्चिम ताणलेला आहे; त्यांत एका गांवाची दिशा फिरली तर नवल काय! आणि 'पूर्वेस' हा शब्द भडोचेंत बसून ऐकलेला आहे. गाडीवानास दिशा विचारली तर तो आपली वाट गांवाबाहेर कोणत्या वेशीनें पडते तें सांगतो, होकायंत्राचा अंश सांगत नाहीं.

तरीहि केवळ दिवसांच्या गणितावर फ्लीट यांचा निर्णय उभा असता, तर तो इतकीं वर्षें टिकला नसता. नांवाची साक्ष त्यांच्या बाजूस होती. संस्कृत 'नगर' ह्यांतील 'ग' गळून प्राकृतांत 'नयर' व मराठींत 'नेर' होतें. पारनेर, संगमनेर, अमळनेर हीं गांवें आपल्या परिचयाचीं आहेत. त्याच नियमानें 'तगर' ह्याचें 'तेर' व्हावें हें अगदीं सरळ आहे. त्यासाठीं 'त्रिगिरी'सारखी कसरत करावी लागत नाहीं. तगर नांव सातव्या शतकांतहि चालू होतें: चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या शके ५३४ च्या ताम्रपटांत दान घेणारा ब्राह्मण तगरचा राहणारा आहे. पुढें शिलाहारांच्या बिरुदांत तर तें नांव कोरलेलेंच राहिलें. ठाण्याचे, दक्षिण कोंकणचे आणि कोल्हापूरचे, ह्या तिन्ही शाखांचे राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. ह्यांचें राज्य समुद्रकांठीं व सह्याद्रीच्या पायथ्याशीं. पण कुळाचें मूळ सांगावयाची वेळ आली कीं तेरणेच्या कांठच्या त्या नगराचेंच नांव पुढें येई.

हेन्री कझिन्स यांनीं पुढें तेरेस जाऊन तेथील देवळें पाहिलीं आणि पुराणवस्तु खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांतांत त्यांचें वर्णन केलें. त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें, मागें अर्धवर्तुळाकार. तें मूळचें बौद्ध चैत्य असावें असें त्यांनीं मांडलें. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाचा कोरीव लांकडी दरवाजाहि विद्वानांत प्रसिद्ध आहे. ह्यानंतर फावड्याची पाळी आली. १९५८ सालीं चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें, व १९६९ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सातवाहन काळांतील वस्ती, नाणीं, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ति ह्यांनीं लंडनांत बसून केलेलें अनुमान जमिनींतून वर आणलें. गांवांतील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं शेतांत व नदीकांठीं सांपडलेल्या वस्तु वर्षानुवर्षें जपून ठेविल्या. त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय आज तेरेस आहे. पांढऱ्या मातीच्या दुहेरी सांच्यांत काढलेल्या मूर्ति, रोमन धर्तीचे दिवे, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति, हीं त्या संग्रहाचीं भूषणें होत.

ह्या हस्तिदंती मूर्तीपाशीं थोडें थांबलें पाहिजे. १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें खोदकाम चाललें असतां, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालीं दडपलेल्या एका घरांत एक हिंदी हस्तिदंती मूर्ति निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तेरेची मूर्ति तिची बहीण शोभेल अशी आहे. आणि तशाच घाटाची तिसरी भोकरदनास सांपडली आहे. पाँपेईची मूर्ति तेरेसच घडली असा आमचा आग्रह नाहीं. एका घाटाचें काम दक्षिणापथांत एकाहून अधिक ठिकाणीं होत असे, एवढें म्हणणें पुरे. परंतु तेरणेपासून पाँपेईपर्यंत सरळ रेषेनें सहा हजार तीनशें किलोमीटर होतात. ह्यांतील कोणता भाग अवघड होता? प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें समुद्राच्या वाटेचे दिवस दिले आहेत: तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या ओकेलिस बंदरापासून मलबारच्या मुझिरिसपर्यंत चाळीस दिवस. हें अंतर दोन हजार मैलांहून अधिक भरतें. आणि तेरेपासून भडोचेपर्यंतचें अंतर सरळ रेषेनें अवघें ३१० मैल. त्यास तीस दिवस! वाऱ्यास दाणावैरण लागत नाहीं. भडोच आणि अरबस्तान एकमेकांचे शेजारी होते; भडोच आणि तेर नव्हते.

येथें एक प्रश्न आम्हांस फार दिवस सतावीत आला आहे. तगराचे व्यापारी भडोचेस जात तरी कां? कल्याणचें बंदर त्यांस जवळ होतें. नकाशावर दोरी ताणली तर तेर ते कल्याण २०७ मैल, म्हणजे भडोचेहून शंभर मैल कमी. मध्यें सह्याद्रि आहे हें खरें. पण जुन्नरच्या वरचा नाणेघाट सातवाहनांनीं बांधून काढलेला, तेथें राणी नागनिकेचा लेख आणि जकातीचा दगडी रांजण आजहि उभा आहे. घाटाखालीं माल बैलांच्या पाठीवर उतरविला तरी आठवडा-दहा दिवसांची बचत होती.

ह्याचें उत्तर पेरिप्लसच्या कर्त्यानें पुढच्याच परिच्छेदांत देऊन ठेविलें आहे. कल्याण हें पूर्वीं रीतसर बाजाराचें बंदर होतें. परंतु तें संदनेस याच्या हातीं आल्यापासून तेथील व्यवहारास मोठा अडथळा आला आहे, आणि एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें लागलेंच तर पहारा बसवून त्यास भडोचेस नेतात, असें तो लिहितो. भडोचेच्या राजाचें जें नांव तो देतो तें क्षत्रप नहपान याचेंच आहे असें विद्वान् मानतात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यांतील झगड्याचा हा काळ. त्याचा शेवट कसा झाला हें १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें सांपडलेल्या नाण्यांच्या ढिगानें सांगितलें: तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं नहपानाचीं, आणि त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला. शत्रूच्या राजाचा मुखवटा पुसून त्यावरच आपलें नांव ठोकणें ह्याहून स्पष्ट जयपत्र कोणतें असणार!

तेव्हां तगराहून भडोचेपर्यंतच्या तीस दिवसांत आठ-दहा दिवस ह्या युद्धाचे होते, असें आम्हांस वाटतें. जमिनीनें कल्याण जवळ केलें होतें, राजांनीं तें दूर केलें. जें अंतर आपण निसर्गाचें समजतों त्यांत किती भाग जकातनाक्याचा, किती पहारेकऱ्याचा, आणि किती दोन राजघराण्यांच्या वैराचा असतो, हें नकाशावरील दोरीस कळत नाहीं. तेरेच्या विणकरास तें कळत होतें. कारण त्याच्या कापडाची भडोचेंत येणारी किंमत ह्या दहा दिवसांनीं कमी होत असली पाहिजे, आणि ती कमी झालेली किंमत शेवटीं त्याच्याच मागावर येऊन पडे.

सातवाहनांचें राज्य तिसऱ्या शतकांत मोडलें, रोमकडील व्यापार आटला, आणि तगर हळूहळू तेर झालें. गंमत अशी, कीं पुढें रस्ते सुधारले, वाहनें वेगवान् झालीं, आणि तेर मात्र जगापासून दूर गेलें. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, आणि १९११ सालीं ती लातूरपर्यंत गेली. तेरेच्या शेजारच्या ढोकीवरून ती जात असे. तगरच्या व्यापाऱ्यास जी वाट स्वप्नांतहि दिसली नसती ती वाट आतां त्याच्या शिवेजवळून गेली. परंतु तिच्यावरून तेरेचें कापड जगांत गेलें नाहीं. बाहेरचें कापड तेरेस आलें. बार्शी आणि लातूर ह्या पेठा वाढल्या. तेर मधलें गांव राहिलें. दहा दिवसांच्या अंतरावरून ज्या गांवाचें नांव ग्रीक मनुष्यानें लिहून ठेविलें, तें गांव कोणतें हें आगगाडी शेजारच्या बार्शीपर्यंत आली तरी विद्वानांस ठरवितां आलेलें नव्हतें.

ती छोटी गाडी १९५४ सालीं सरकारनें घेतली, आणि आतां तिच्या जागीं रुंद रूळ धाराशिव शहरास वळसा घालून जातात. धाराशिवास विमानाची धावपट्टीहि आहे, पण नियमित प्रवासी विमान तेथून सुटत नाहीं. त्यामुळें तेरेहून भडोचेस जाण्याचें पांचशें किलोमीटरांचें सरळ अंतर, जें विमान तासाच्या आंत तोडील, तें आज तरी यंत्राच्या उत्तरांतच आहे. ज्यास खरोखरच जावयाचें असेल तो रात्रीं धाराशिवास लातूर-मुंबई गाडींत बसतो. कुर्डुवाडी, पुणें, मग घाट. आणि उजाडण्याच्या सुमारास गाडी कल्याणवरून जाते. तेथून भडोचेस जाणाऱ्या गाड्या वसईच्या बाजूनें मिळतात. तगरच्या व्यापाऱ्यास जें बंदर बंद होतें त्याच गांवावरून ही वाट जाते, आणि तिला दीड दिवसहि लागत नाहीं.